जुन्या विजेरी बागट्रॅक्टरसाठी व्होल्टेज आणि बॅटरी कशी निवडावी

जालना जिल्ह्यातील आमच्या मोसंबीच्या बागेत गेली काही वर्षे बॅटरीवर चालणारी, कारखान्यात ट्रॉल्या ओढणारी एक जुनी ओढगाडी काम करते. एका कारखान्याच्या भंगारातून ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात मोटर होती, गिअर होता, चाके होती. बॅटरी मात्र नव्हती. शिशाला भाव असल्यामुळे अशा यंत्राची बॅटरी भंगारवाला आधीच वेगळी विकतो आणि घेणाऱ्याच्या वाट्याला लोखंडी रिकामा कप्पा येतो. त्या कप्प्यात काय बसवायचे, हा प्रश्न घेऊन मी दुकानांत हिंडलो तेव्हा प्रत्येक दुकानदाराने त्याच्याकडे जी बॅटरी शिल्लक होती तीच योग्य असल्याचे सांगितले. ओढगाडी असो, गोल्फ कार्ट असो किंवा परदेशातून आलेला जुना विजेरी बागट्रॅक्टर असो, दुकानात जाण्यापूर्वी काही गोष्टी स्वतःच ठरवलेल्या बऱ्या. त्या कशा ठरवाव्यात, हे येथे सांगितले आहे.

या जातीच्या यंत्रांत सर्वांत नावाजलेले यंत्र म्हणजे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ मध्ये बाजारात आणलेला ‘इलेक-ट्रॅक’ हा बागट्रॅक्टर. त्याचा विद्युत्‌संच ३६ व्होल्टचा होता आणि मोठ्या मॉडेलांत हे व्होल्टेज ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मिळवलेले असे. गवत कापण्याच्या मोठ्या डेकमध्ये, म्हणजे पाती बसवलेल्या चौकटीत, प्रत्येक पात्याला स्वतंत्र मोटर होती, आणि त्याच ३६ व्होल्टवर चालणारी हातातली करवतही मिळत असे. या रचनेतून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, बॅटरी यंत्रासाठी खास घडवलेली नसून गोल्फ कार्टसाठी सर्रास मिळणाऱ्या मापाची होती. दुसरी म्हणजे, बॅटऱ्यांचे वजन हा दोष न मानता चाकांवर भार टाकण्यासाठी त्याचा उपयोग करून घेतला होता. जुन्या यंत्राला नवी बॅटरी बसवताना या दोन्ही गोष्टी पुन्हा समोर येतात.

आधी यंत्राचे व्होल्टेज शोधा

व्होल्टेज ही आपण निवडण्याची गोष्ट नाही; ती मोटरच्या तारेने आणि वेटोळ्यांच्या संख्येने कारखान्यातच ठरलेली असते. म्हणून पहिले काम म्हणजे मोटरवरची पाटी शोधणे. तिच्यावर रंगाचे थर आणि ग्रीस साचलेले असते. डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन ती हलक्या हाताने साफ केली, की व्होल्ट, अँपिअर आणि फेरे हे तीन आकडे बहुधा वाचता येतात. पाटीच नसेल तर कॉन्टॅक्टरच्या (मोटरची मुख्य वीज चालू-बंद करणाऱ्या विजेरी स्विचच्या) कॉइलवरचा आकडा पाहावा, कारण कॉइल सहसा मुख्य व्होल्टेजवरच चालते. जुना चार्जर सोबत आला असेल तर त्याच्या पाटीवरूनही अंदाज येतो. दिव्याच्या बल्बवर मात्र विसंबू नये. पुष्कळ यंत्रांत दिवे १२ व्होल्टचे असतात आणि बाकीचा संच २४, ३६ किंवा ४८ व्होल्टचा असतो.

बॅटरी शाबूत असेल तर सेल मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. कारखान्यातल्या ओढगाड्यांना पोलादी पेटीत २ व्होल्टचे सुटे सेल ओळीने बसवलेले असतात. झाकणे मोजावीत आणि दोनने गुणावे: १२ सेल म्हणजे २४ व्होल्ट, १८ म्हणजे ३६ आणि २४ म्हणजे ४८.

पाटी नाही, कॉइल नाही, चार्जरही नाही, अशी वेळ आली तर चाके जॅकवर उचलून १२ व्होल्टच्या बॅटरीने, मध्ये फ्यूज घालून, मोटर थोडा वेळ फिरवून पाहण्याची पद्धत आहे. त्यातून मोटर जिवंत आहे एवढेच कळते, तिचे व्होल्टेज कळत नाही. शिवाय येथे एक धोका आहे. अशा यंत्रांत बहुधा सिरीज मोटर (जिच्या फिरत्या आणि स्थिर वेटोळ्यांतून एकच वीज वाहते ती) असते, आणि सिरीज मोटरवर भार नसेल तर तिचा वेग वाढतच जातो. पूर्ण व्होल्टेज देऊन ती मोकळी सोडली तर आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याची, तार उधळून बाहेर येऊ शकते. म्हणून मोटर गिअरपासून सोडवून बाकावर ठेवून पूर्ण व्होल्टेजवर कधीही तपासू नये. त्यापेक्षा रिवाइंडिंग करणाऱ्या अनुभवी कारागिराला तार आणि वेटोळी दाखवून त्याचे मत घ्यावे.

व्होल्टेज वाढवण्याचा मोह

मराठवाड्यात हा मोह ४८ व्होल्टचा असतो आणि त्याचे कारण ई-रिक्षा आहे. बहुतेक ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. त्यामुळे ४८ व्होल्टचा चार्जर, कंट्रोलर आणि दुरुस्ती करणारा माणूस तिन्ही सहज सापडतात, ३६ व्होल्टचे मात्र सगळे मागवावे लागते. ‘एक बॅटरी जास्त टाका, गाडी पळेल,’ हा सल्ला मला तीन निरनिराळ्या ठिकाणी मिळाला. गाडी पळेल हे खरे आहे. त्यापुढे काय होईल, ते कोणी सांगत नाही.

डीसी मोटरचा वेग साधारणपणे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो आणि ओढण्याचा जोर अँपिअरच्या प्रमाणात. ३६ ऐवजी ४८ व्होल्ट दिले की वेग सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. चिखलातून ट्रॉली खेचण्याचा जोर त्याने वाढत नाही. म्हणजे ओलसर काळ्या जमिनीत रुतलेल्या यंत्राला जादा व्होल्टेजचा काही उपयोग नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर जुने ब्रेक व जुने स्टिअरिंग ज्या वेगासाठी बनलेच नव्हते तो वेग मात्र मिळतो. गवत कापण्याची पाती त्याच संचावर चालत असतील तर पात्यांचे फेरेही तितकेच वाढतात, आणि खडा लागून पाते तुटले तर त्याचा तुकडा दूरवर उडतो.

दुसरा परिणाम उष्णतेचा. कॉन्टॅक्टरची कॉइल, दिवा, बॅटरीला थेट जोडलेले फील्ड कॉइल अशा भागांत तयार होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. ४८ ला ३६ ने भागून त्याचा वर्ग केला तर उत्तर १.७८ येते, म्हणजे ज्या कॉइलला कारखान्याने १० वॅट सोसायला शिकवले तिच्यावर जवळपास १८ वॅट पडतात, आणि तेही मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. तिसरा परिणाम कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागावर, दिसतो. वाढीव व्होल्टेजमुळे कार्बन ब्रशखाली ठिणगी मोठी पडते, तांबे काळवंडते, ब्रश लवकर झिजतात आणि एकदा कम्युटेटर खडबडीत झाला, की तो लेथवर घासल्याशिवाय पर्याय उरत नाही. कॉन्टॅक्टरच्या बाबतीतही तेच. एसी विजेत ठिणगी दर फेऱ्याला शून्यावर येऊन विझते. डीसीत तसे होत नाही, त्यामुळे कमी व्होल्टेजसाठी बनवलेले संपर्कबिंदू उघडताना मध्ये ज्योत टिकून राहते आणि ते वितळून एकमेकांना चिकटू शकतात. चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे पायाखालचे पेडल सोडल्यावरही न थांबणारा ट्रॅक्टर.

व्होल्टेज कमी करणेही निर्धोक नाही. ३६ व्होल्टच्या यंत्राला २४ दिले तर वेग घटतो एवढेच होत नाही. कॉन्टॅक्टरची कॉइल पुरेशा जोराने ओढत नाही, संपर्क थरथरत बसतो आणि त्या थरथरीतही बिंदू जळतात.

व्होल्टेज बदलणे योग्य ठरते अशी एकच परिस्थिती मला मान्य आहे. मूळ मोटर जळलेली आहे, वायरिंग कुजलेले आहे आणि मोटर, कंट्रोलर, कॉन्टॅक्टर, चार्जर असा सगळा संचच नवा घ्यायचा आहे, तेव्हा सुटे भाग जवळ मिळावेत म्हणून खुशाल ४८ व्होल्टला जावे. मूळ मोटर चांगली असेल तर पैसे व्होल्टवर न घालता अँपिअर-तासांवर, म्हणजे बॅटरीच्या साठ्यावर, घालावेत.

किती अँपिअर-तास हवेत

हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. त्यासाठी डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, म्हणून घेताना मीटरवर डीसी अँपिअरचे चिन्ह आहे ना ते तपासून घ्यावे. मित्राच्या बॅटऱ्या तासाभरासाठी मागून आणाव्यात, मुख्य केबलला मीटर लावावा आणि यंत्राला रोजचे काम करू द्यावे. माझ्या ३६ व्होल्टच्या ओढगाडीला मुरमाच्या सपाट रस्त्यावर रिकाम्या ट्रॉलीसह ४० अँपिअरच्या आसपास लागले, क्रेट भरलेली ट्रॉली मोसंबीच्या ओळींतून वाफशावरच्या काळ्या मातीत ओढताना तोच आकडा ८५ ते ९० वर गेला आणि जागेवरून उचलताना क्षणभर दोनशेच्या पुढे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मोजले असते तर आकडा आणखी वाढला असता, पण त्या दिवशी काळी जमीन चाकाला चिकटून चाकाचाच गोळा होतो, तेव्हा अशा यंत्राला बागेत नेऊच नये. वळणे आणि थांबे धरून माझी सरासरी ६० अँपिअर निघाली. ३६ गुणिले ६० म्हणजे सुमारे २,१६० वॅट. दोन तास काम हवे असेल तर १२० अँपिअर-तास लागतात.

येथे बहुतेकांची फसगत होते. १२० लागतात, मग १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पुष्कळ झाली, असे वाटते. बॅटरीवर छापलेला एएचचा आकडा सहसा वीस तासांत सावकाश रिकामी करून काढलेला असतो. त्याला सी-२० म्हणतात. तीच बॅटरी दोन तासांत रिकामी करायला घेतली तर तेवढा साठा बाहेर निघत नाही, कारण ॲसिडला प्लेटच्या आतपर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. उदाहरणार्थ, ट्रोजन कंपनीची टी-१०५ ही ६ व्होल्टची प्रसिद्ध गोल्फ कार्ट बॅटरी वीस तासांच्या हिशेबाने २२५ एएच आहे, पाच तासांच्या हिशेबाने १८५, आणि ७५ अँपिअरने काढत राहिले तर ती सुमारे ११५ मिनिटे टिकते, म्हणजे १४५ एएचच्या आतच. त्यातही शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. रोजच्या वापरात निम्मा साठा आणि क्वचित प्रसंगी ८० टक्के, एवढीच मर्यादा पाळावी. माझ्या कामासाठी २२५ एएचचा संच दोन तासांना काठावर पुरतो आणि दीड तासाला निवांत पुरतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ‘किती एएच?’ असा न विचारता ‘हा एएच किती तासांचा?’ असा विचारावा. उत्तर आले नाही तर दुकान बदलावे.

कोणती बॅटरी घ्यावी

गोल्फ कार्टच्या ६ व्होल्ट बॅटऱ्या ३६ व्होल्टच्या यंत्राला सर्वांत योग्य आहेत, याबद्दल मला शंका नाही. जाड प्लेट, खोलवर उपसण्याची सवय, धक्के सोसण्याची ताकद आणि प्रत्येकी सुमारे २८ किलो वजन, म्हणजे एका माणसाला उचलून कप्प्यात ठेवता येईल असा आकार. सहा बॅटऱ्यांचे मिळून १७० किलोच्या आसपास वजन होते. अडचण एवढीच, की त्या तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. मोठ्या शहरातून मागवाव्या लागतात आणि वाटेत आडव्या पडणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

ई-रिक्षाच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या हा आपल्याकडे सहज मिळणारा पर्याय आहे. त्या खोल उपशासाठी आणि खड्ड्यांच्या रस्त्यासाठी बनवलेल्या असतात. तीन जोडल्या की ३६ व्होल्ट होतात. त्यांचा साठा मात्र १०० एएचच्या आसपास असतो, त्यामुळे दोन तासांच्या कामाला तीन-तीनच्या दोन ओळी समांतर जोडाव्या लागतात. अशा जोडणीत मुख्य धन केबल पहिल्या ओळीवरून आणि मुख्य ऋण केबल दुसऱ्या ओळीवरून घ्यावी, म्हणजे दोन्ही ओळींना तारेची लांबी सारखी मिळते आणि एकच ओळ राबत राहत नाही. दोन्ही ओळींतल्या सहाही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच तुकडीतल्या घ्याव्यात.

इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी घरोघरी असल्यामुळे तीच वापरण्याचा विचार प्रथम येतो. मीही तोच केला होता. १५० एएचच्या तीन बॅटऱ्या बसवल्या. पहिल्या महिन्यात काम बरे झाले, नंतर चढावर व्होल्टेज एकदम खाली बसू लागले. ही बॅटरी पंखे आणि दिवे सहा-आठ तास सावकाश चालवण्यासाठी असते. ६० अँपिअरच्या सततच्या उपशात तिच्यातून ९० एएचच्या आसपासच हाती येतात. शिवाय ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली आहे, ढेकळांतून हिंदकळण्यासाठी नाही, आणि उंचीमुळे तिचे वजन वर राहते, त्यामुळे बांध ओलांडताना यंत्र कलंडण्याचा संभव वाढतो. घरात आधीच पडून असेल तर यंत्र चालते का, हे पाहण्यापुरती वापरावी. त्यासाठी विकत घेऊ नये.

ट्रॅक्टर किंवा जीपची स्टार्टरची बॅटरी तर मुळीच नको. तिच्या प्लेट पातळ असतात, क्षणभर भरपूर अँपिअर देणे हेच तिचे काम. काही आठवड्यांच्या खोल उपशात ती निकामी होते.

मूळ ओढगाडीची २ व्होल्टच्या सुट्या सेलांची ट्रॅक्शन बॅटरी सर्वांत टिकाऊ, पण सर्वांत महाग आणि अतिशय जड. तिला एक सोय आहे: एखादा सेल गेला तर तेवढाच बदलता येतो. कारखाने या बॅटऱ्या पुरती क्षमता संपण्याआधीच बदलतात, त्यामुळे जुनी ट्रॅक्शन बॅटरी स्वस्तात मिळाल्याची उदाहरणे आहेत. ती घ्यायची असेल तर प्रत्येक सेलचे ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) आणि भाराखालचे व्होल्टेज स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच घ्यावी. नुसत्या उभ्या, म्हणजे भार नसतानाच्या, व्होल्टेजवर विश्वास ठेवू नये.

लिथियम घ्यायचे असेल तर

येथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, कारण शेतावरच्या यंत्रासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार तोच आहे. त्याच्या सेलचे नेहमीचे व्होल्टेज ३.२ आणि पूर्ण भरतानाचे ३.६५ असते. बारा सेलांचा संच ३८.४ व्होल्टचा होतो आणि भरताना ४३.८ पर्यंत जातो. शिशाचा ३६ व्होल्टचा संचही चार्जिंगच्या वेळी ४४ व्होल्टपर्यंत जात असल्यामुळे बारा सेल जुन्या संचाला सोसतात. तेरा किंवा सोळा सेलांचा तयार संच स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये; व्होल्टेज वाढवण्याबद्दल वर जे सांगितले ते सगळे येथेही लागू आहे.

लिथियमला अँपिअर वाढल्याने साठा फारसा घटत नाही आणि ८० टक्क्यांपर्यंत रोज उपसले तरी चालते, त्यामुळे माझ्या दोन तासांच्या कामाला १५० एएचचा संच पुरेसा होईल. खरी कसोटी बीएमएसची, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवून गरज पडल्यास वीज तोडणाऱ्या सर्किटची, आहे. यंत्र जागेवरून उचलताना २०० अँपिअर मागत असेल आणि बीएमएस १०० चा असेल, तर भरल्या ट्रॉलीसह चढावर तो अचानक वीज तोडतो आणि यंत्र मागे घरंगळू लागते. म्हणून सततचे आणि क्षणिक असे दोन्ही अँपिअर विचारून, आपल्या मोजणीशी ताडूनच घ्यावे. दुसरी बाब तापमानाची. बहुतेक फॉस्फेट सेलांना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बनवणारेच सांगतात, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या कप्प्यात तेवढे तापमान सहज होते. तिसरी बाब वजनाची. शिशाचे १७० किलो काढून ५०-६० किलोंचा संच ठेवला, की चाकांवरचा भार जातो आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. जेवढे वजन काढले त्यातले निदान निम्मे तरी लोखंडाच्या वजनांनी परत घालावे लागते. शिशाचा जुना चार्जर लिथियमला वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

चार्जर आणि मराठवाड्याचा उन्हाळा

माझ्या मते बॅटरीच्या निवडीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व चार्जिंगला आहे, कारण आपल्याकडे बॅटऱ्या कामाने कमी आणि चुकीच्या चार्जिंगने जास्त मरतात. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. ज्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर राहतो तेथे बॅटरीच्या माहितीपत्रकातले वर्षांचे आकडे जसेच्या तसे धरता येत नाहीत.

चार्जरचे अँपिअर बॅटरीच्या सी-२० साठ्याच्या दहा ते तेरा टक्के असावेत. २२५ एएचला २२ ते २९. २५ अँपिअर आणि ४४ व्होल्ट म्हणजे १,१०० वॅट, चार्जरचा अपव्यय धरून साधारण १,३०० वॅट, जे घरातल्या सिंगल फेजच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर बसते. १२० एएच परत भरायला शेवटचा सावकाश टप्पा धरून आठ-नऊ तास लागतात. शेतीपंपाच्या फीडरवर थ्री फेज वीज ठरावीक तासच आणि पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, त्यामुळे चार्जिंग त्या लाइनवर ठेवू नये. दररोज निम्मेच चार्जिंग होऊन तुटत राहिले तर प्लेटवर सल्फेट घट्ट बसते आणि साठा कायमचा कमी होतो. आखाड्यावर दुसरी लाइन नसेल तर यंत्र संध्याकाळी घरी आणणे परवडते. रात्रीचे चार्जिंग उष्णतेच्या दृष्टीनेही हिताचे. कामावरून आलेली बॅटरी तासभर निवू द्यावी आणि मग चार्जर लावावा.

२५ अंशांना ३६ व्होल्टच्या संचाला भरतीचे व्होल्टेज प्रति सेल २.४५ धरले तर ४४.१ होते. तापमान वाढले की ते कमी करावे लागते, प्रति सेल प्रति अंश सुमारे ४ मिलिव्होल्ट. ४० अंशांना १८ सेलांसाठी ही घट १.०८ व्होल्ट होते, म्हणजे भरती ४३ वर थांबली पाहिजे. हे आपोआप करणारा, तापमानाची तार असलेला चार्जर मिळाला तर उत्तम. नाहीतर व्होल्टेज हाताने बदलता येईल असा घ्यावा आणि उन्हाळा-हिवाळ्याला दोनदा जुळवावा.

३६ व्होल्टचा चार्जर जवळपास मिळाला नाही तर एक साधा उपाय आहे. १२ व्होल्टचे तीन चांगले चार्जर घेऊन, ६ व्होल्टच्या प्रत्येक जोडीला एकेक जोडावा. प्रत्येक चार्जरची बाहेर येणारी बाजू मुख्य विजेपासून आणि एकमेकांपासून अलग असणे मात्र अत्यावश्यक आहे. या पद्धतीत प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे भरते, त्यामुळे एखादी मागे राहत नाही. अमेरिकेतून आलेल्या यंत्राचा मूळ चार्जर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो, म्हणून तो आठवण म्हणून जपावा, वापरू नये.

पाण्याच्या बाबतीत तडजोड नको. आपल्या बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले असते. त्याचा एक पेलाही सेलमध्ये जाता कामा नये. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे, आणि एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यात धातूचे अंश असतात. बाटलीतले बॅटरीचे पाणी आणावे आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे, आधी नाही; आधी घातले तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर सांडते. अपवाद एकच: प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे. उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी झाकणे उघडून पाहावे. हायड्रोमीटरने पूर्ण भरलेल्या सेलचे ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान यायला हवे, ज्याला दुकानात ‘बाराशे पासष्ट, बाराशे ऐंशी’ म्हणतात. हा आकडा २७ अंशांचा आहे. ॲसिड ४२ अंश तापलेले असेल तर वाचलेल्या आकड्यात सुमारे ०.०१० मिळवून वाचावे.

जोडणी

३६ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक या कामात बेफिकीर राहतात. प्रत्यक्षात बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो लाल होऊन वितळतो. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी.

केबल तांब्याची, किमान ३५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. चार मीटर लांबीत १०० अँपिअर वाहताना तिच्यात ०.२ व्होल्ट पडतो. त्याऐवजी १० चौरस मिलिमीटरची वापरली तर ०.७ व्होल्ट पडतो आणि सुमारे ७० वॅट नुसते तार तापवण्यात जातात. थिंबल (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) हातोडीने ठोकून नव्हे, तर क्रिंपिंगच्या यंत्राने बसवावे. मुख्य धन केबलवर, बॅटरीच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, डीसीसाठीचाच फ्यूज घालावा. १२ व्होल्टच्या दिव्यांसाठी संचातल्या दोनच बॅटऱ्यांवरून तार काढण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्या दोन बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात आणि पुढे सगळ्या संचाला मागे ओढतात. ३६ वरून १२ करणारा छोटा कन्व्हर्टर बसवावा.

बॅटऱ्या ठेवण्यापूर्वी कप्पा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, जुन्या ॲसिडने खाल्लेला पत्रा बदलावा आणि खाली रबराची चटई घालावी. कप्पा वरून बंद असेल तर हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूला भोके असलीच पाहिजेत, कारण चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. चार्जिंग चालू असताना त्या शेडमध्ये विडी ओढू देऊ नये, मग पाहुणा कितीही मानाचा असो.

खरेदी करताना

सर्व बॅटऱ्यांवरचा तयार झाल्याचा महिना एकच हवा. दुकानात चार-सहा महिने चार्जिंगविना पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये. ६ व्होल्टची बॅटरी भार नसताना ६.३ च्या खाली दाखवत असेल तर ती बाजूला ठेवायला सांगावे. वॉरंटी कोणत्या वापरासाठी आहे, ते पक्क्या बिलावर लिहून घ्यावे, कारण इन्व्हर्टरसाठी दिलेली वॉरंटी वाहनात वापरल्यावर नाकारली जाते आणि तसा नकार मी स्वतः पचवला आहे. जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वजनावर विकले जाते, म्हणून दुकानदार वजावट किती देतो ते आधी ठरवावे आणि त्या त्यालाच परत द्याव्यात. ॲसिड शेतात ओतून रिकामी पेटी भंगारात देऊ नये.

संच बसवल्यावर पहिल्या पाच-सात फेऱ्यांत यंत्राकडून निम्मेच काम घ्यावे, कारण नव्या शिशाच्या बॅटरीचा पूर्ण साठा काही चक्रांनंतरच खुलतो. त्यानंतर एक दिवस ठरवून भरल्या ट्रॉलीसह तासभर काम करावे, आणि यंत्र ओढत असतानाच सोबतच्या माणसाला सहाही बॅटऱ्यांचे व्होल्टेज एकामागून एक मोजायला लावून वहीत तारखेसह लिहून ठेवावे. सहा आकड्यांत ०.१ व्होल्टच्या आतला फरक असेल तर संच जुळलेला आहे. एखादी बॅटरी ०.२ ने किंवा अधिक खाली असेल तर तिची टोके आणि थिंबल आधी तपासावीत. ते ठीक असतील तर वॉरंटीच्या मुदतीतच ती बदलून घ्यावी, कारण वर्षभराने एकच नवी बॅटरी पाच जुन्यांत घातली तर तीही लवकरच त्यांच्याइतकी जुनी होते. हीच मोजणी दर तीन महिन्यांनी त्याच वहीत, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच क्रेटांसह करावी.